मिनिटाला किती श्वास? रक्तवायू तपासणीच्या एका विसरलेल्या आकड्याचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/
एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट विदर्भात शिगेला पोहोचली होती. विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’मधील तीन टँकर २३ एप्रिलला नागपुरात उतरवले गेले. नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावीही त्या दिवसांत एक इंग्रजी शब्द घरोघरी रुळला: ‘सॅच्युरेशन’. बोटाला लावलेल्या छोट्या यंत्रावरचा आकडा घसरू लागला, की अवघे घर हवालदिल होत असे.

२/
त्या यंत्रामागचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. पहिली लाट जगभर पसरत असतानाच, १८ एप्रिल २०२० रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या शोधाने असंख्य जीव वाचवले. मात्र हे यंत्र केवळ प्राणवायूविषयी बोलते. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला आहे आणि रक्त किती आम्ल झाले आहे, याबाबत ते संपूर्ण मौन पाळते.

३/
ते मौन भंग करते धमनीतील रक्ताची तपासणी, म्हणजेच ‘एबीजी’. तिच्या चिठ्ठीवर तीन महत्त्वाचे आकडे असतात: पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि बायकार्बोनेट. परंतु रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल, तर या तिन्हींचा अर्थ एका चौथ्या आकड्यावाचून लागत नाही. यंत्र मिनिटाला किती श्वास देत आहे, हा तो आकडा. या चौथ्या आकड्याचे महत्त्व वैद्यकाला कसे उमगले, त्याची ही कथा.

४/
प्रारंभ जर्मनीतील वुर्झबर्ग येथे होतो. १८४३ मध्ये योहान योसेफ शेरर या वैद्य-रसायनतज्ज्ञाने बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्या रक्तात त्याला लॅक्टिक आम्ल आढळले. जंतूंमुळे रोग होतात, हा सिद्धांत तेव्हा अद्याप प्रस्थापित व्हायचा होता. तरीही, ज्या अवस्थेला आज ‘सेप्टिक शॉक’ म्हणतात तिची रासायनिक खूण त्याच्या परीक्षानळीत उतरली होती.

५/
सेप्टिक शॉक म्हणजे काय? जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद इतका बेताल होतो, की तो स्वतःच्याच अवयवांना इजा करतो. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. २०१६ च्या व्याख्येनुसार, पुरेसे सलाइन देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषधे लागतात आणि रक्तातील लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर राहते, तेव्हा त्या अवस्थेला हे नाव दिले जाते. शेररने पाहिलेली खूण पावणेदोनशे वर्षांनी व्याख्येचा भाग झाली.

६/
रक्तातील आम्लतेवर शरीराचे दोन पहारेकरी असतात. मूत्रपिंडाचे काम संथ, तास आणि दिवसांच्या हिशेबाने चालते. फुप्फुसाचे काम मात्र मिनिटांत दिसते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, की आम्ल तयार होते. श्वास वाढला की तो वायू बाहेर पडतो आणि रक्तातील आम्लता उतरते. श्वास मंदावला की तो साठतो आणि आम्लता चढते. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले, की निरोगी माणसाच्या श्वासाचे नियमन प्रामुख्याने हाच वायू करतो.

७/
आता स्थळ कोपनहेगन. पीएच ही मोजपट्टी १९०९ मध्ये याच शहरातील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी दिली. पीएच जितका खाली, तितकी आम्लता अधिक. निरोगी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. अमेरिकेतील हेंडरसन यांच्या १९०८ च्या समीकरणाला पीएचच्या रूपात बसवले ते याच शहरातील हासेलबाल्क यांनी, १९१६ मध्ये. तात्पर्य, रक्ताची आम्लता समजून घेण्याची अवजारे कोपनहेगनच्या घरचीच होती.

८/
आणि तरीही १९५२ च्या उन्हाळ्यात त्याच शहरातील डॉक्टर एका आकड्याने चकले. पोलिओची भीषण साथ आली होती. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक दाखल होत होते. रुग्णालयापाशी संपूर्ण शरीर सामावणारा एक लोखंडी श्वसनयंत्राचा पिंप आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे होती. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

९/
त्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळे. त्यातला बहुतांश भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि बायकार्बोनेट हा अल्कधर्मी. म्हणून निष्कर्ष निघाला, की रक्त अल्कधर्मी झाले आहे. कारण मात्र अज्ञात. आकडा अचूक होता. वाचन चुकले होते. रुग्णाचा श्वास पुरेसा आहे की नाही, ही बाब त्या आकड्याच्या शेजारी कोणी मांडलीच नव्हती.

१०/
ती मांडली भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी. ते अमेरिकेत बोस्टनला शिकून आले होते. शस्त्रक्रियेच्या मेजावर रुग्णाचा श्वास हाताने चालवण्याचा त्यांचा रोजचा सराव होता. त्यांचे म्हणणे साधे होते: हा वायू वाढलेला आहे, कारण तो बाहेर पडत नाही. रक्त अल्कधर्मी नव्हे, आम्ल झाले आहे. रुग्णाला पोलिओ मारत नसून अपुरा श्वास मारत आहे.

११/
२७ ऑगस्ट १९५२. बारा वर्षांची एक मुलगी अखेरच्या घटका मोजत होती. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली. मुलगी झगडत होती, हवा आत जाईना. इब्सेन यांनी तिला गुंगीचे औषध दिले. तिचा स्वतःचा तोकडा श्वास थांबला आणि मग रबरी पिशवी दाबून फुप्फुसे भरता येऊ लागली. साठलेला कार्बन डायऑक्साइड उतरला, मुलगी सावरली. पिशवी दाबणे कमी केले की तो पुन्हा चढे. वाढवले की उतरे. श्वास आणि रक्त यांचे नाते रुग्णशय्येवर उघड झाले.

१२/
पुढे जे घडले, ते वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व आहे. इतकी यंत्रे नव्हतीच. मग सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि महिनोन्महिने हाताने पिशव्या दाबत राहिले. ऐन भरात एकाच वेळी सत्तर रुग्ण अशा हातांवर जगत होते. श्वसन बंद पडलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. ज्या आकड्याची ही कथा आहे, तो तेव्हा कोणत्याही पडद्यावर नव्हता. तो एका विद्यार्थ्याच्या मनगटात होता.

१३/
या साथीने दोन वारसे मागे ठेवले. पहिला: डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या महापालिका रुग्णालयात सुरू केलेला कक्ष, जो आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो. दुसरा: प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी शोधलेली, पीएचच्या मोजणीवरून कार्बन डायऑक्साइडचा दाब काढण्याची रीत. पुढे अमेरिकेत स्टो, क्लार्क आणि सेव्हरिंगहाउस यांच्या इलेक्ट्रोडांनी दोन्ही वायू थेट मोजणे शक्य केले. आजचे एबीजी यंत्र याच कुळातले.

१४/
तिसरा वारसा अधिक परिचित आहे. स्वतःहून फुगणारी ‘अंबू’ पिशवी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच होल्गर हेसे आणि हेनिंग रूबेन यांनी घडवली. आज कळमेश्वरहून अत्यवस्थ रुग्ण नागपूरकडे निघतो, तेव्हा रुग्णवाहिकेत व्हेंटिलेटर असो वा नसो, ही पिशवी जवळ असावीच लागते. तासाभराच्या त्या वाटेवर पिशवी दाबणारा हातच रुग्णाच्या रक्ताचा पीएच ठरवत असतो, हे दाबणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

१५/
मिनिटाला किती दाबावी? अमेरिकेत एडवर्ड रॅडफर्ड यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात यासाठी एक आलेख तयार केला. रुग्णाचे वजन आणि श्वासांची गती यांवरून प्रत्येक श्वास किती मोठा हवा, हे त्यावर वाचता येई. रक्ततपासणी जेथे सहज होत नसे, तेथे या कागदाने मोठा आधार दिला. परंतु तो निरोगी फुप्फुसाच्या गृहीतकावर उभा होता. आजारी फुप्फुस हे गृहीतक मोडून काढते.

१६/
ते कसे, हे एका हिशेबातून कळेल. प्रत्येक श्वासातला काही भाग श्वासनलिकांतच राहतो, रक्तापर्यंत पोहोचत नाही. समजा, श्वास ५०० मिलिलिटरचा आणि वाया जाणारा भाग १५० चा. उपयोगी पडले ३५०. मिनिटाला १२ श्वास, म्हणजे ४,२०० मिलिलिटर.
आता श्वास ३५० चा केला आणि आजारामुळे वाया जाणारा भाग २०० झाला. उपयोगी उरले १५०. तेच ४,२०० गाठायला मिनिटाला २८ श्वास लागतील.

१७/
महाराष्ट्रात या विद्येची परीक्षा पाहिली ती धनुर्वाताने. झटक्यांनी आवळलेले शरीर शिथिल करायचे, तर स्नायू लुळे पाडणारी औषधे द्यावी लागतात. आणि मग श्वास सर्वस्वी यंत्राच्या हवाली होतो. मुंबईच्या डॉ. फारोख उदवाडिया यांनी अशा रुग्णांच्या अतिदक्षता उपचारांचा दीर्घ अभ्यास केला. १५० भारतीय रुग्णांवरील अनुभव त्यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे ९ ऑक्टोबर १९९३ रोजी अतिदक्षता वैद्यकाची अखिल भारतीय संघटना मुंबईतच स्थापन झाली.

१८/
आता पुन्हा सेप्टिक शॉककडे. येथे आम्लतेचे मूळ फुप्फुसात नसते. ते पेशींत, लॅक्टेटमध्ये आणि थकलेल्या मूत्रपिंडात असते. शरीर त्यावर एकच तातडीचा उपाय करते: श्वास वाढवते. मिनिटाला तीस-पस्तीस श्वास घेणारा रुग्ण धापा टाकत असतो, कारण तो आपले रक्त सावरत असतो. बघणाऱ्यांना ती केवळ घरघर वाटते. वस्तुतः ती शरीराने शेवटपर्यंत लढवलेली चौकी असते.

१९/
अशा रुग्णाला गुंगी देऊन यंत्रावर घेतले आणि यंत्राची गती सवयीने १२ किंवा १४ ठेवली, तर काय होईल? समजा, बायकार्बोनेट १२ पर्यंत उतरले आहे. विंटर्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६७ च्या सूत्रानुसार, जेव्हा शरीर नीट प्रतिकार करते, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा दाब २६ च्या आसपास असायला हवा. त्या स्थितीत हासेलबाल्क यांच्या समीकरणाने पीएच येतो ७.२९. गंभीर, पण निभावण्याजोगा.

२०/
यंत्राच्या मंद गतीने तोच दाब ४० वर चढला, असे समजू. पीएच येतो ७.१०. हृदयाची शक्ती क्षीण करणारी ही आम्लता. आणि गंमत नव्हे तर शोकांतिका अशी, की चिठ्ठीवर ४० हा आकडा अगदी ‘नॉर्मल’ दिसतो. निरोगी माणसाची मर्यादा ३५ ते ४५ च आहे. १९५२ मध्ये वाढलेल्या आकड्याने डॉक्टरांना चकवले होते. येथे नेमस्त आकडा चकवतो. दोन्हीकडे उणीव एकच: शेजारी श्वासाची नोंद नाही.

२१/
मग गती वाढवत न्यावी, हेच उत्तर का? इतिहास येथे दुसरा धडा देतो. १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांच्या आधारे तीव्र श्वसनविकाराचे वर्णन केले, जो आज ‘एआरडीएस’ नावाने ओळखला जातो. सेप्सिस हे त्याचे एक प्रमुख कारण. पुढची दोन-तीन दशके एबीजीचे आकडे सुधारावेत म्हणून आजारी फुप्फुसांना मोठमोठे श्वास दिले गेले. चिठ्ठी सुधारे, फुप्फुस मात्र ताणाने फाटे.

२२/
१९९० मध्ये न्यूझीलंडच्या हिकलिंग यांनी उलट वाट दाखवली: श्वास लहान ठेवा, कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तर चढू द्या. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांवरील चाचणीने लहान श्वासांच्या बाजूने कौल दिला. अपेक्षित वजनाच्या दर किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटरचे श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लहान श्वासांची भरपाई करण्यासाठी गती मिनिटाला ३५ पर्यंत नेण्याची मुभा त्या पद्धतीत होती. चौथा आकडा आता केंद्रस्थानी आला.

२३/
दोनच वर्षांनी फ्रान्समधील व्हियार-बारों आणि सहकाऱ्यांनी सावधगिरीची घंटा वाजवली. मिनिटाला १५ श्वासांऐवजी ३० दिले, तरी त्यांच्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. कारण वेळेच्या हिशेबात आहे. १५ श्वासांत प्रत्येक श्वासाला ४ सेकंद मिळतात, ३० मध्ये २. उच्छ्वास पुरा होण्याआधीच पुढचा श्वास येऊन धडकतो. हवा आत अडकत जाते आणि छातीतला दाब चढतो.

२४/
चढलेला दाब शरीरातून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताला अटकाव करतो. कूर्नाँ आणि सहकाऱ्यांनी दाबाने दिलेल्या श्वासाचा हृदयावरील परिणाम १९४८ मध्येच नोंदवला होता. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब आधीच तळाला असतो. म्हणजे रक्त सावरण्यासाठी वाढवलेली गतीच रक्ताभिसरण आणखी मोडू शकते. एका टोकाला आम्लता, दुसऱ्या टोकाला अडकलेली हवा. रुग्ण या दोन कड्यांमधल्या अरुंद वाटेवर असतो.

२५/
आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. गती वाढवून कार्बन डायऑक्साइड उतरवता येतो, लॅक्टेट नाही. पीएच सुधारलेला दिसला, म्हणजे संसर्ग हटला असे होत नाही. त्यासाठी वेळेत प्रतिजैविके, सलाइन, रक्तदाबाची औषधे आणि संसर्गाच्या मुळावर घाव हेच उपाय. व्हेंटिलेटर वेळ मिळवून देतो. त्या वेळेत मूळ रोगावर काही केले गेले नाही, तर मिळवलेला वेळ वाया जातो.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. एखादे जुने पत्र कोणी, कोणाला, कोणत्या परिस्थितीत लिहिले, हे ठाऊक नसेल तर त्यातील मजकूर शब्दशः खरा असूनही दिशाभूल करतो. एबीजीची चिठ्ठी असाच एक दस्तऐवज आहे. रक्त घेतले त्या क्षणी यंत्राची गती किती होती, श्वास किती मोठा होता, गती नुकतीच बदलली होती का, हे तिच्यावर नोंदलेले नसेल, तर ती संदर्भ तुटलेल्या पत्रासारखीच असते.

२७/
कोपनहेगनमध्ये सगळी साधने उपलब्ध होती: पीएचची मोजपट्टी, समीकरण, प्रयोगशाळा, निष्णात डॉक्टर. तरीही २७ जीव गेल्यानंतरच दोन नोंदी एकत्र वाचल्या गेल्या. ज्ञानाचा अभाव नव्हता. प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्यात संवाद नव्हता. एका भूलतज्ज्ञाला चर्चेला बोलावणे, एवढाच काय तो त्या दिवशीचा क्रांतिकारक निर्णय.

२८/
२०२१ ने कळमेश्वरच्या घराघरांत एक आकडा पोहोचवला. बोटावरच्या यंत्राकडे पाहून काळजी करायला सामान्य माणूस शिकला, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट रुजायला हवी, आणि तिला यंत्रही लागत नाही: तापाने फणफणलेला माणूस मिनिटाला किती श्वास घेतो आहे, हे घड्याळ समोर ठेवून मोजणे. वेगाने धापा टाकणारा रुग्ण, बोटावरचा आकडा चांगला असला तरी, दवाखान्यात न्यायलाच हवा. त्याचे शरीर त्या श्वासांतून रक्ताचाच जबाब देत असते.

(हा धागा इतिहासाचा आहे, उपचाराचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.)

धागा समाप्त.